सही त्यांची, सॉफ्टवेअर आमचं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येक वक्त्याला एकच विषय दिला आहे : आपल्या कामातला असा एक प्रश्न सांगा, जो अजून पूर्ण सुटलेला नाही. माझ्या आधी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर बोलून झालं. आता मी जमाखर्चावर बोलणार. जेवणाआधीचं सत्र आहे, मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा माझी परीक्षा जरा अवघड आहे याची मला कल्पना आहे.

मी कोथरूडमधल्याच एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्ही लहान व्यावसायिकांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. बिल करायचं, खरेदी नोंदवायची, बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा घालायचा, जीएसटीच्या रिटर्नसाठी माहिती तयार करायची, वर्षअखेर नफातोटा पत्रक आणि ताळेबंद काढायचा. पूर्वी दुकानात रोजकीर्द आणि खतावणी असायची, लक्ष्मीपूजनाला वह्यांवर हळदकुंकू वाहिलं जायचं. तेच काम आता लॅपटॉपवर आणि फोनवर होतं. आमचं गिऱ्हाईक म्हणजे पौड रस्त्यावरचं पोळीभाजी केंद्र, डहाणूकर कॉलनीतला क्लास, शिवण्याचं वर्कशॉप, एखादं छोटं इंटिरिअरचं ऑफिस.

हे लोक आमचं सॉफ्टवेअर बघतात. त्यांना ते आवडतं. फोनवरून बिल जातं, उधारी कोणाकडे किती ते एका नजरेत दिसतं, गिऱ्हाइकाला आठवण जाते. किंमत विचारतात, तीही पटते. आणि मग एक वाक्य येतं. आमच्या विक्री विभागातल्या मुलामुलींना ते झोपेतही ऐकू येत असेल : "आमच्या सीएंना विचारून सांगतो."

ते खरोखर विचारतात. सीए म्हणतात, "वापरा की. फक्त मला डेटा टॅलीत द्या." संपलं. कारण दोन ठिकाणी हिशेब ठेवायला कोणाला वेळ आहे?

यात कोणाचंच काही चुकत नाही. दुकानदाराने विचारलं ते योग्य केलं. सीएंनी सांगितलं तेही त्यांच्या जागी बरोबर. सॉफ्टवेअरही बरं आहे. तरीसुद्धा विक्री होत नाही. म्हणजे आमचं खरं गिऱ्हाईक पैसे देणारा दुकानदार नसून, एक पैसाही न देणारा त्याचा सीए आहे. त्याला आपल्या बाजूला कसं आणायचं, हा आमचा प्रश्न. आमची कंपनी टिकणार की नाही, हे बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे, म्हणून आज तो तुमच्यासमोर मांडते आहे.

आधी टॅलीबद्दल आदराने दोन शब्द. श्यामसुंदर गोएंका यांचा बंगळुरूत कापड गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. स्वतःचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला, भरत गोएंकांना, ते लिहायला सांगितलं. ही १९८६ची गोष्ट. त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. यांनी खातं त्याच्या नावानेच ओळखायची सोय केली. मुनीमजींना जे नाव वहीत दिसायचं तेच पडद्यावर दिसू लागलं. भरत गोएंकांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

पण टॅली एवढी रुजली ती एका चांगल्या कल्पनेच्या जोरावर नव्हे. तिच्याभोवती एक चक्र तयार झालं. सीएंच्या ऑफिसात टॅली, म्हणून क्लासमध्ये टॅलीचा कोर्स, म्हणून नोकरीच्या जाहिरातीत 'टॅली येणे आवश्यक', म्हणून दुकानात येणारा अर्धवेळ अकाउंटंट टॅलीवाला, म्हणून सीएंकडे येणारा डेटा टॅलीचा. कर्वे पुतळ्यापासून निघून कुठल्याही गल्लीत शिरा, पहिल्या मजल्यावर सीएंची पाटी दिसेल, आणि खाली कुठल्यातरी खांबावर कॉम्प्युटर क्लासची. या दोन पाट्यांचं एकमेकींशी किती जवळचं नातं आहे, हे या धंद्यात आल्यावर मला कळलं.

आता सीएंच्या ऑफिसात चला. समजा, त्यांच्याकडे दीडशे अशील आहेत. एकशे पंचेचाळीस टॅलीत आणि पाच आमच्याकडे. त्या पाचांसाठी ऑफिसातल्या कोणाला तरी आमचं सॉफ्टवेअर शिकावं लागणार. कोण शिकणार? मुख्य भागीदारांनी स्वतः एन्ट्री टाकून वीस वर्षं झालेली असतात. काम करतात ते आर्टिकल, म्हणजे सीएचं शिक्षण घेत असताना उमेदवारी करणारी मुलंमुली. ही उमेदवारी पूर्वी तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३पासून नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. म्हणजे एखादी मुलगी आमचं सॉफ्टवेअर शिकून तयार होते आणि बघता बघता तिची जायची वेळ येते. मग नवीन मुलगा, पुन्हा पहिल्यापासून. पाच अशिलांसाठी हा व्याप कोण करील? चाळीस अशील असते तर केला असता. पण सीएंनी पहिल्या पाचांना हो म्हटल्याशिवाय चाळीस होणार कसे?

त्यात त्यांच्या कॅलेंडरकडे बघा. महिन्याच्या सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचं पहिलं रिटर्न, विसाला दुसरं. जुलैअखेर वैयक्तिक रिटर्नं, सप्टेंबरअखेर कर लेखापरीक्षण, मग कंपन्यांची कामं, डिसेंबरअखेर जीएसटीचं वार्षिक रिटर्न. या तारखा मागेपुढे होतात, पण होतात त्याही शेवटच्या दिवशी. आमच्याकडे नवीन लागलेला विक्रीचा मुलगा १८ सप्टेंबरला सीएंना डेमो द्यायला निघाला, तर आम्ही त्याला जिन्यातूनच परत बोलावतो.

आता तुम्हाला वाटेल, सोपं आहे, सीएंना कमिशन द्या. धंद्याची ही जुनी रीत आहे. आपल्या पुण्याच्याच क्विक हीलचं उदाहरण घ्या. कैलास काटकरांनी गणनयंत्रं दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, आणि संगणक विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या विक्रेत्यांच्या जाळ्यातून तो घरोघरी पोचला. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली. दुकानदाराने संगणक दुरुस्त केला, 'हे टाकून घ्या' म्हणून सांगितलं, त्याला त्याचा वाटा मिळाला. यात कोणाला काही गैर वाटायचं कारण नाही.

सीएंचं तसं नाही. त्यांचा पेशा १९४९च्या कायद्याने बांधलेला आहे. परिषदेच्या परवानगीशिवाय त्यांना दुसरा धंदा करता येत नाही, गिऱ्हाईक मागत फिरता येत नाही, जाहिरातीवरही बंधनं आहेत. कंपनी कायद्याचं कलम १४४ तर आणखी स्पष्ट आहे : ज्या कंपनीचं लेखापरीक्षण तुम्ही करता, तिचे हिशेब लिहिण्याचं काम तुम्ही करायचं नाही आणि तिची वित्तीय माहितीची यंत्रणा उभारून द्यायचीही नाही. जो तपासणार, त्याने स्वतःच्याच हाताने केलेलं काम तपासू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे. मराठी घरात हे कोणाला समजावून सांगायला नको. स्वतःच्या मुलाचा पेपर स्वतः तपासायचा नसतो, हे इथल्या सगळ्या बाईंना माहीत आहे.

मयूर कॉलनीत एका ज्येष्ठ सीएंचं ऑफिस आहे. आमच्या एका सहकाऱ्याने त्यांच्यासमोर भागीदार योजनेचा कागद ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे बघा, यात माझ्या फायद्याचं सगळं लिहिलंय. माझ्या सहीचं काही लिहिलेलं नाही."

त्यांच्या सहीचा अर्थ समजावून घेण्यात माझा बराच वेळ गेला, आणि तो चांगला गेला. २०१९पासून सीएंच्या प्रत्येक प्रमाणपत्राला, लेखापरीक्षण अहवालाला अठरा आकडी क्रमांक लागतो, यूडीआयएन. तो संस्थेच्या पोर्टलवर काढायचा असतो. कोणतीही बँक, कोणतंही सरकारी खातं तो टाकून बघू शकतं की ही सही खरी आहे का. म्हणजे सही कागदावर करून विसरता येत नाही, ती कायमची त्यांच्या नावावर चढते.

पुढची पायरी १ एप्रिल २०२३ला आली. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीने असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायचं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणती एन्ट्री, कधी बदलली, आधी काय होतं आणि नंतर काय झालं. आणि ही नोंद ठेवणारी सोय बंद करता येता कामा नये. इंग्रजीत तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. आपण तिला बदलांची नोंद म्हणू. २०२३-२४च्या हिशेबांपासून लेखापरीक्षकांना आपल्या अहवालात लिहावं लागतं की या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय होती का, ती वर्षभर सगळ्या व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्यात कोणी ढवळाढवळ केलेली आढळली का.

नीट लक्षात घ्या. इतके दिवस सीए गिऱ्हाइकाच्या हिशेबावर सही करत होते. आता ते माझ्या प्रोग्रामबद्दलही लिहितात. मी कोथरूडमध्ये बसून लिहिलेल्या ओळी नीट चालल्या की नाहीत, याबद्दलचं मत त्यांच्या सहीखाली जातं. त्यांनी त्या ओळी पाहिलेल्या नसतात, पाहूनही त्यांना काही कळणार नसतं. आणि अशा माणसाला आम्ही म्हणणार, की प्रत्येक गिऱ्हाइकामागे इतके टक्के घ्या! ज्या सॉफ्टवेअरवर मत द्यायचं, त्याच्याच कंपनीकडून पैसे? त्या सरांनी चष्मा का काढला, ते मला तेव्हा समजलं.

अमेरिकेतही हे घडून गेलं आहे. इंट्यूट कंपनीचं क्विकबुक्स १९९०च्या दशकात तिथल्या लहान व्यावसायिकांनी डोक्यावर घेतलं, कारण ज्याला नावे-जमा कळत नाही त्यालाही ते वापरता यायचं. पण लेखापाल मंडळी नाराज होती. त्यांच्या दृष्टीने त्यात शिस्त नव्हती, मागचे बदल कोणी केले ते सापडत नव्हतं. पुढे कंपनीने दुहेरी नोंद पद्धत आणि बदलांची नोंद त्यात घातली, लेखापालांसाठी वेगळी योजना काढली, आणि तेच लेखापाल तिचे सगळ्यात मोठे शिफारसदार झाले. न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झालेल्या झीरो या कंपनीने तर लेखापालांच्या कचेरीलाच आपल्या धंद्याचा पाया मानलं. त्या कचेरीचं स्वतःचं काम, म्हणजे कोणत्या अशिलाचं काय राहिलंय, कोणाचं रिटर्न कधी, ते सांभाळणारी साधनं त्यांनी पुढे केली. आपल्याकडे झोहोही त्याच वाटेने जाते आहे.

मग आपल्याकडेही हे जमायला हरकत काय? तर आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आमच्यासारख्या लहान कंपनीला सगळ्यात अवघड जातो. कंपन्यांना आपले हिशेब आठ वर्षं जपून ठेवावे लागतात. बदलांची नोंदसुद्धा त्याच हिशेबाने जपायची. सीए आम्हाला विचारतात, "तुम्ही आठ वर्षं असाल का?"

या प्रश्नाला हसून चालत नाही. त्याच इंट्यूटने २०२२ साली जाहीर केलं की भारतातलं क्विकबुक्स बंद होणार, आणि ३१ जानेवारी २०२३नंतर ते बंद झालं. ज्यांचे हिशेब त्यावर होते त्यांना आपला डेटा काढून घेऊन दुसरीकडे जावं लागलं. एवढी मोठी कंपनी इथून जाऊ शकते, तर गल्लीतल्या आमच्या कंपनीचं काय? मोठी कंपनी गेली तर सीए म्हणू शकतात, कोणाला माहीत होतं! आमच्यासारखी गेली तर अशील त्यांनाच विचारणार, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना?" नाव वापरलं जातं ते असं. कमिशनने त्याची भरपाई होत नाही.

एवढं समजल्यावर आम्ही आमचं काम वेगळ्या तऱ्हेने मांडलं. ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, बाहेर पडायचं दार. आमच्या सॉफ्टवेअरमधून कोणत्याही दिवशी सगळा हिशेब बाहेर काढता येतो. खाती, व्हाउचरं, जोडलेली बिलं, बदलांची नोंद, सगळं. एक्सेलमध्येही आणि टॅलीत चढेल अशा स्वरूपातही. फोन करायला नको, आमची परवानगी नको, पैसे नकोत. दर महिन्याची एक प्रत सीएंच्या स्वतःच्या संगणकावर आपोआप उतरते. आमच्या विक्रीच्या लोकांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं. गिऱ्हाइकाला जायला इतकं सोपं करून द्यायचं? पण आठ वर्षांच्या प्रश्नाला आमच्याकडे दुसरं प्रामाणिक उत्तर नाही. आम्ही असू, असं वचन देणं माझ्या हातात नाही. आम्ही नसलो तरी तुमचा हिशेब तुमच्याकडे असेल, हे मात्र मी प्रोग्राममध्ये लिहून देऊ शकते.

दुसरी गोष्ट, आर्टिकलच्या खुर्चीशेजारी बसायचं. मी स्वतः अशा ऑफिसांमध्ये जाऊन बसले. मुख्य भागीदारांच्या केबिनमध्ये नव्हे, बाहेर, जिथे फायलींचे गठ्ठे असतात आणि मुलं कानात हेडफोन घालून एन्ट्र्या टाकतात. तिथे एक ताई होत्या, बारा वर्षं त्याच ऑफिसात. कोणत्या अशिलाची बिलं पिशवीतून येतात आणि कोणाची व्हॉट्सअ‍ॅपवर तिरप्या फोटोंतून, ते त्यांना तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "मॅडम, रंगीत तक्ते नकोत. मला फक्त एवढं सांगा, पोर्टलवर कोणाचं बिल आलं नाही."

जीएसटीत तुम्ही खरेदीवर भरलेला कर तुम्हाला वजा मिळतो, पण विकणाऱ्याने ते बिल पोर्टलवर चढवलं असेल तरच. त्याने चढवलं नाही तर तुमचं क्रेडिट अडकतं. म्हणून दर महिन्याला तुमच्या वहीतली खरेदी आणि पोर्टलवरची यादी समोरासमोर ठेवून जुळवावी लागते. बिल क्रमांकात कोणी एक तिरपी रेघ जास्त टाकलेली असते, कोणी शून्य गाळलेलं असतं, कोणी मार्चचं बिल एप्रिलमध्ये दाखवलेलं असतं. हे जुळवण्यात कचेऱ्यांचे दिवस जातात. आम्ही वर्षभर बाकीची कामं मागे ठेवून तेवढंच नीट केलं. आणि ज्या अशिलाचा हिशेब टॅलीत आहे त्याच्यासाठीही ते चालेल असं केलं. म्हणजे सीएंना टॅली सोडायला आम्ही सांगतच नाही. तुमच्या दीडशेच्या दीडशे अशिलांचं एक कटकटीचं काम आम्ही हलकं करतो, पुढचं पुढे बघू. पाच की चाळीस, हा पेच यामुळे जरा सैल झाला.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. बदलांची नोंद ठेवायची सक्ती कंपन्यांना आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ती नाही. आमचे बहुतेक ग्राहक अशी दुकानंच आहेत. त्यातले काही जण आम्हाला विचारतात, अगदी सरळ विचारतात, "ती नोंद बंद करायचं बटण द्या की. मागची दोन बिलं जरा सरकवायची आहेत." कायद्याने आम्ही ते बटण देऊ शकतो. दुसरीकडे मिळतंही. त्यावर आमच्याकडे मोठी बैठक झाली. विक्रीवाल्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं : पगार गिऱ्हाइकांच्या पैशातून होतात, आणि गिऱ्हाईक मागतंय ते बेकायदा नाही. शेवटी बटण द्यायचं नाही असं ठरलं. कंपनी असो की दुकान, बदल झाला की त्याची नोंद राहणार, आणि आम्हाला स्वतःलाही ती पुसता येणार नाही अशी रचना केली. त्यानंतर काही गिऱ्हाइकं गेली. त्यातलं एक मोठं होतं, ते गेल्याचा परिणाम त्या वर्षी सगळ्यांना जाणवला.

पण सीएंच्या कचेऱ्यांमध्ये ही बातमी आमच्या जाहिरातीपेक्षा लवकर पोचली. त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता : या सॉफ्टवेअरमधून आलेला हिशेब मार्चनंतर गुपचूप बदललेला नसणार. सप्टेंबरमध्ये रात्री दहा वाजता सही करणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय कोणती देणार?

एक भीती अजून राहते, आणि ती सीए मोकळेपणाने बोलत नाहीत. बँकेच्या नोंदी आपोआप येणार, बिलं आपोआप वाचली जाणार, रिटर्न आपोआप तयार होणार, मग आमचं काय? आपल्या बॅचमध्येही सीए आहेत, त्यांच्याशी काल रात्री गच्चीवर यावर बराच वाद झाला. मला दिसतं ते असं. प्रोग्राम एन्ट्री टाकू शकतो. पण पोळीभाजी केंद्राच्या मालकिणीला नवीन शाखा काढायची आहे, कर्ज घ्यावं का, भावाला भागीदार करावं का, हे तिला प्रोग्रामला विचारायचं नसतं. ती सीएंना विचारते, आणि त्या वेळी त्यांच्याकडे निवांत अर्धा तास असायला हवा. आज तो अर्धा तास तिरप्या फोटोंतली बिलं वाचण्यात जातो. तो परत मिळवून देता आला तर आमच्या असण्याला अर्थ आहे. हेही खरं, की ज्या कचेरीचं सगळं उत्पन्न नुसत्या एन्ट्र्या टाकण्यावर आहे, तिला पुढचा काळ कठीण जाईल. ते झाकून आम्ही कोणाला भागीदार करत नाही.

आज आम्ही कुठे आहोत? आमच्याबरोबर मनापासून काम करणाऱ्या सीएंच्या कचेऱ्या अजून बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. मयूर कॉलनीतलं ते ऑफिस त्यात आहे. त्यांनी पहिल्या वर्षी एकच अशील दिला, आणि तोही सगळ्यात किचकट. दुसऱ्या वर्षी तीन. आमच्या गुंतवणूकदारांना हा वेग पसंत नाही, आणि त्यांच्या जागी मलाही तो पसंत पडला नसता. पुढच्या दोन वर्षांत ही संख्या वाढली नाही, तर तुम्हाला पुढच्या मेळाव्यात मी दुसऱ्याच कंपनीची म्हणून भेटेन. म्हणूनच हा न सुटलेला प्रश्न आहे असं मी सुरुवातीला म्हटलं.

आता तुमच्यासाठी तीन विनंत्या, आणि मग मसालेभात.

आपल्यातले जे धंद्यात आहेत, त्यांनी कोणतंही सॉफ्टवेअर घेताना, आमचंसुद्धा, विकणाऱ्याला आधी विचारा : उद्या मला सोडायचं असेल तर माझा सगळा हिशेब कसा मिळेल? तोंडी उत्तर घेऊ नका, समोर काढून दाखवायला सांगा. आणि महिन्यातून एकदा त्याची प्रत स्वतःच्या घरी ठेवा. वही आपली आहे, ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवली तरी किल्ली आपल्याकडे हवी.

जे सीए आहेत, त्यांनी आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कठीण प्रश्न विचारत राहा. कमिशनचा कागद पुढे केला तर चष्मा काढा. मात्र एक करा : नाही म्हणताना का नाही तेही सांगा, आणि तुमच्या आर्टिकलना आमच्याशी पाच मिनिटं बोलू द्या. आमच्या सॉफ्टवेअरमधल्या बऱ्याचशा उपयोगाच्या गोष्टी त्या बाहेरच्या खुर्च्यांवरून आल्या आहेत.

आणि ज्यांची मुलं माझ्यासारखी इंजिनिअरिंगला गेली आहेत, त्यांनी त्यांना थोडं नावे-जमा शिकवा. मला ते नोकरीत लागल्यावर शिकावं लागलं. दोन्ही बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे, आणि जुळत नसेल तर कुठेतरी काहीतरी राहिलंय, ही शिस्त प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही फार उपयोगी पडते. गणिताच्या तासाला आपल्याला उत्तराचा ताळा करायला लावायच्या त्या बाई आज इथे आहेत, त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

 जेवायला चला.